उभी होती की आडवी

दिवाळी अंकासाठी रेल्वेतले गमतीदार अनुभव लिहून द्या, असं संपादकांनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, गमतीदारच पाहिजेत का? ते म्हणाले, तसं काही नाही, पण लोकांना आवडतील असे.

मी ड्रायव्हर. हल्ली कागदोपत्री आम्हाला लोको पायलट म्हणतात, पण नांदेड स्टेशनात आजही कुणी कुणाला त्या नावानं हाक मारत नाही. ड्रायव्हरकडं गमती असतात, नाही असं नाही. एकदा लातूरला निघालेलं एक अख्खं वऱ्हाड चुकून आदिलाबादच्या गाडीत बसलं होतं आणि मुदखेडला गाडी थांबल्यावर नवरदेव मुंडावळ्या सावरत इंजिनाजवळ येऊन मला गाडी परत वळवायला सांगत होता. मी त्याला म्हणालो, बाबा, माझ्या हातात स्टिअरिंग नाही. त्याला ते खरं वाटेना. अशा चार गोष्टी सांगून हा लेख उरकता आला असता. पण निवृत्त होऊन घरी बसल्यापासून डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे आणि ती गमतीची नाही. ज्यांना सणासुदीला असलं वाचायचं नसेल त्यांनी पान उलटावं, मला राग येणार नाही.

स्टिअरिंगचं मात्र मी खरंच सांगितलं होतं. गाडी कुठं वळायची ते रूळ ठरवतात. आमच्या हातात पळवणं आणि थांबवणं एवढंच, आणि त्यातलं थांबवणंही अर्धवट. पूर्ण ब्रेक मारला तरी वेगात असलेली भरलेली गाडी अर्धा-पाऊण किलोमीटर पुढं जाऊनच थांबते. त्यामुळं समोर काही दिसलं आणि मग थांबलो, असं आमच्या धंद्यात होत नाही. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आमची खरी नोकरी बघण्याची. पगार मिळतो तो डोळ्यांचा.

डोळ्यांवर सरकारचा विश्वास किती, तर इंजिनात दोन माणसं बसवतात. एक ड्रायव्हर, एक असिस्टंट. सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं रंग सांगायचा आणि दुसऱ्यानं स्वतः बघून तोच रंग पुन्हा म्हणायचा. "हिरवा." "हिरवा." रुळात माणूस दिसला, म्हैस दिसली, तरी तसंच. एकाची चूक झाली तर दुसऱ्यानं पकडावी म्हणून ही पद्धत. आमच्या बायकोला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली, दोन मोठी माणसं दिवसभर एकमेकांना रंग सांगत बसता होय!

पद्धत शहाणी आहे. पण वर्षानुवर्षं तेच करत राहिलं की तोंड डोळ्यांच्या पुढं पळायला लागतं. असिस्टंटनं "हिरवा" म्हटलं की माझ्या तोंडून "हिरवा" निघूनही गेलेला असतो. मग मी बघतो, आणि मग मला हिरवाच दिसतो. जवळजवळ नेहमी तो हिरवाच असतो, त्यामुळं कुणाच्या काही लक्षात येत नाही.

ठरावीक काळानं डोळे तपासायला बोलावतात. रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर धरतात, त्यातला आकडा ओळखायचा. डॉक्टर दर वेळी माझी पाठ थोपटायचे. डोळे उत्तमच होते. आता या वयातही देवघरातून रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचतो. डोळ्यांच्या मागं काय चालतं ते तपासायचं पुस्तक मात्र त्यांच्याकडं नव्हतं.

मी असिस्टंट असताना माझे ड्रायव्हर होते गफूरभाई. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. एकदा ऐन उन्हाळ्यात आम्ही दोघं लातूर रोडहून उदगीरकडं मालगाडी घेऊन निघालो होतो. दुपारची वेळ. समोर बघतो तर रूळ पाण्याखाली गेलेले. चकाकतंय, हलतंय, त्यात कडेच्या बाभळीची सावली पडलीय. मी जागेवरून उठलोच. "उस्ताद, पानी!"

गफूरभाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "लातूर में पानी? होश में आ, बेटा."

पाणी आमच्यापुढं पळत राहिलं आणि गाडी काही त्याच्यापर्यंत पोचली नाही. मृगजळ म्हणतात हे मला शाळेपासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि समोर हलणारं पाणी वेगळं. मी उदगीर येईपर्यंत ब्रेककडं बघत होतो.

याच गफूरभाईंची एक खोड होती. मुदखेडच्या पुढं एका साध्या वळणावर, जिथं ना फाटक ना गाव, तिथं ते हमखास लांबलचक हॉर्न द्यायचे. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "कोई है नई वहाँ, मालूम है." मग थोड्या वेळानं म्हणाले, "एक बार था." त्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. रुळावर माणूस आला आणि आता काही होत नाही असं कळलं की हॉर्न दाबून धरायचा, ब्रेक मारायचा आणि मान खाली घालायची. "आखरी वक्त को देखना नई. नई तो घर को साथ आता वो." जिवाला लावून घेऊ नकोस एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मी ते आयुष्यभर पाळलं.

आमच्या भाषेत याला रनओव्हर म्हणतात. शहरातल्या लोकांना वाटतं ड्रायव्हरच्या आयुष्यात असं एखाद्याच वेळी घडत असेल. तसं नाही. प्रत्येकाच्या वाट्याला येतं, पुन्हा पुन्हा येतं. कुणी चुकून, कुणी ठरवून. माझ्या वाट्याला आलेल्या लोकांची गणती मी केलेली नाही आणि करणारही नाही. त्यांतली काही तोंडं ध्यानात आहेत, कारण मान खाली घालायच्या आधी दिसायचं ते दिसलेलंच असतं. त्यांच्याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती एकीबद्दल. तिचं नाव मंगल.

थंडीचे दिवस होते. सकाळची पॅसेंजर घेऊन आम्ही नांदेड सोडलं, मुदखेडकडं निघालो. तेव्हा त्या लाइनीवर विजेच्या तारा आल्या नव्हत्या, डिझेलचं इंजिन होतं. असिस्टंट होता विलास, रेणापूरकडचा शेतकऱ्याचा पोरगा, नोकरीत नवा, कामाला चोख. त्या पट्ट्यात सकाळचं ऊन थेट समोरून काचेवर येतं. डोळे बारीक करून बघावं लागतं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, त्यावर थोडं धुकं. गाडी चांगल्या वेगात होती.

विलास ओरडला, "सर, बाई उभी!"

"बाई उभी," मी म्हणालो.

हॉर्न दाबून धरला, ब्रेक टाकला, मान खाली घातली. मग आवाज आला. तो कसा असतो ते मी लिहिणार नाही.

गाडी बरीच पुढं जाऊन थांबली. विलास खाली उतरला आणि केळीच्या बांधावर ओकायला लागला. त्याची ही पहिलीच वेळ होती. मी आणि गार्ड मागं चालत गेलो. हिरवी साडी होती, एवढं सांगतो. पुढच्या स्टेशनाला वॉकीटॉकीवर कळवलं, "बाई रुळात उभी होती." रिपोर्ट लिहिला त्यातही तेच. मग गाडी पुढं न्यावी लागते, डब्यांत माणसं बसलेली असतात. मुदखेडला एक गृहस्थ इंजिनाशी येऊन मनगटावरच्या घड्याळाला टिचकी मारत मला दाखवत राहिले. त्यांची पुढची गाडी चुकली होती.

अशा दिवशी मी घरी मागच्या दारानं यायचो. सुमन, माझी बायको, न विचारता बादलीत गरम पाणी काढायची. अंघोळ झाल्याशिवाय मी घरातल्या कशाला हात लावायचो नाही.

आठवडाभरानं एक माणूस घरी आला. पांढरं धोतर, मुंडासं, खांद्यावर पंचा. पंच्यावर पीठ होतं. देगलूरजवळच्या खेड्यात पिठाची गिरणी चालवणारे नागनाथराव. मंगल त्यांची लेक. तिचं सासर मुदखेडजवळ, रुळांपासून शेता-दोन शेताच्या अंतरावर. पदरात वर्षाचं पोरगं.

ते बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "साह्यब, माज्या लेकीला आदल्या रातच्याला लई मारलं व्हतं. शेजारनीनं वरडनं आयकलं. मग एकदम गप झालं म्हनती. आन् सकाळी ती चालत रुळावर गेली म्हनून सांगून राहिले. कशी जाईल? उचलून टाकलं तिला. तुमी बघितलं न्हवं? उभी व्हती का पडल्याली?"

"उभी होती," मी म्हणालो.

"नीट आठवा."

मला राग आला. "त्यात आठवायचं काय? आम्ही दोघांनी पाहिलं. एकानं नाही, दोघांनी."

"दोघांनी," ते म्हणाले आणि पंच्यानं तोंड पुसलं. "मग ऱ्हायलंच की."

ते गेले आणि मी खरोखर आठवायला बसलो. तिथंच घोटाळा झाला. आठवायला गेलं तर माझ्याजवळ बाई नव्हतीच. एक हिरवा रंग होता. काचेवर पिवळं ऊन, त्यापलीकडं खडीचा करडा पट्टा आणि त्यावर हिरवं. आता गंमत बघा. तिथं रूळ वळतात, म्हणून ती उभी असेल तर तिच्या अंगामागं केळीची बाग येणार, आणि हिरव्या साडीमागं हिरवी बाग असेल तर मला काय वेगळं दिसणार? मला तर हिरवं खडीवर दिसलं होतं, खाली. म्हणजे ती आडवी होती. असं वाटलं आणि लगेच दुसरं सुचलं. उभ्या बाईच्या निऱ्याही खडीसमोरच येतात. मग उभी. असं मी दिवसभर करत बसलो. सुमननं जेवायला दोनदा हाक मारली.

आणि "बाई उभी" हे मी म्हणालो होतो ना? म्हणालो होतो. पण विलासच्या मागोमाग. बघून म्हणालो की म्हणून बघितलं, हे मला सांगता येईना.

विलासला गाठलं. तो ठाम होता. "उभी होती सर. हात वर केला होता तिनं."

"हात? त्या दिवशी तर हाताचं काही बोलला नव्हतास."

"केला होता सर. थांबा म्हणल्यासारखा."

"कोणता हात?"

त्यानं स्वतःचा उजवा हात वर केला, खाली घेतला, मग डावा थोडासा उचलला. "ते ध्यानात नाही. पण केला होता."

विलास खोटं बोलणारा पोरगा नव्हता. त्याला खरंच हात दिसत होता. त्याला भरती होऊन थोडेच दिवस झाले होते आणि एका बाईनं हात वर करून थांबा म्हटल्यावरही आपली गाडी थांबली नाही, हे ओझं तो एकटा घेऊन फिरत होता. मी त्याला म्हणालो, अरे, कदाचित ती पडलेली असेल, आधीच गेलेली असेल. तो म्हणाला, "मग मी कुणाला बघितलं सर?"

प्रकरण कोर्टात जायला वेळ लागला. नवरा आणि सासू आरोपी. शेजारीण फिरली, तिनं काहीच ऐकलं नव्हतं म्हणाली. डॉक्टरांनी सांगितलं, शरीराची अवस्था बघता मार आधीचा की गाडीचा हे खात्रीनं सांगता येत नाही. राहिलो आम्ही दोघं. विलासनं साक्ष दिली, उभी होती, हात वर होता. मग माझी पाळी.

मधल्या काळात माझ्या डोक्यातलं चित्र बदललं होतं. मी मुद्दाम बदललं नव्हतं, आपोआप झालं. सुरुवातीला ती कधी उभी, कधी आडवी असायची. हळूहळू आडवीच दिसायला लागली. इतकी स्वच्छ, की एक हात रुळाबाहेर पडलेला दिसायचा. मला ते खरं वाटत होतं. नागनाथराव मागच्या बाकावर बसले होते, माझ्याकडं टक लावून. मी साक्षीत जे होतं ते सांगितलं, "तेव्हा मी उभी म्हणालो होतो. आज मला आडवी दिसते."

आरोपींचा वकील तरुण होता, हुशार होता. त्यानं आवाज चढवला नाही. "साहेब, ती आडवी असेल, म्हणजे आधीच मेलेली असेल, तर ती तुमच्या गाडीखाली मेली नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आणि उभी असेल तर तुमच्या गाडीखाली मेली."

"हो."

"मग ती आडवी असणं कुणाच्या सोयीचं आहे?"

त्याला उत्तर नकोच होतं, तो जाऊन खाली बसला. मला त्या पोराचा आजही राग येतो आणि त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. इतर रनओव्हरच्या वेळी सुटका नव्हती. ती माणसं माझ्या समोर जिवंत होती आणि माझ्यानंतर नव्हती. या एकीच्या बाबतीत मला सुटायला एक फट दिसत होती आणि माझं मन मला न विचारता त्या फटीतून बाहेर पडत होतं. मी नागनाथरावांसाठी आडवी म्हणालो, न्यायासाठी म्हणालो, की माझ्यासाठी? हे मला त्या पिंजऱ्यात उभं असताना कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही.

पुराव्याअभावी दोघं सुटले. बाहेर आवारात नागनाथराव चपला घालत होते. मी जवळ गेलो. ते वर न बघता म्हणाले, "दोघांनी बघितलं म्हनला हुता तुमी," आणि निघून गेले.

त्यानंतर मी नोकरी नेटानं केली. बघणाऱ्यांना काही फरक दिसला नसेल. फरक एवढाच पडला की असिस्टंटनं रंग सांगितल्यावर मी लगेच बोलायचो नाही. आधी बघायचो, मग पुन्हा बघायचो, मग म्हणायचो. नवी पोरं आपसांत म्हणत, सर आता थकले. थकलो नव्हतो. मला माझ्या तोंडाची भीती बसली होती. सिग्नल हिरवा आहे हे मी बघतोय की ऐकतोय, असा विचार भरधाव इंजिनात बसून करायचा नसतो, पण मी करायचो. जी पद्धत एकाची चूक दुसऱ्यानं पकडावी म्हणून काढली, तिच्यात दोघांची मिळून एकच चूक होऊ शकते, आणि ती पकडायला तिसरं कुणी बसलेलं नसतं. निवृत्तीच्या दिवशी हार घालून घेतले, पेढे वाटले, आणि पुन्हा कुणी मला रंग विचारणार नाही या विचारानं मनातून फार बरं वाटलं.

विलास आता स्वतः ड्रायव्हर आहे, दुसरीकडं असतो. दिवाळीला फोन करतो. आम्ही दोघं त्या विषयावर बोलत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी नागनाथराव आले. दार मी उघडलं आणि ओळखलं नाही. गिरणी मोडली होती, अंगातलं पाणी गेलं होतं, पण पंचा तसाच खांद्यावर. या वेळी ते बसले. सुमननं चहा आणला. चहा त्यांनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"नातू म्याट्रिकला हाय," ते म्हणाले. "तिकडंच ऱ्हातो, बापाकडं. तान्हा व्हता, तवापास्नं म्या त्येचं तोंड बघितलं न्हाई. म्या त्या दारात पाय ठिवला न्हाई आन् त्यांनी बी पाठिवला न्हाई."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर घेतला.

"मंगलची आई अंथरुनाला खिळलीय. एकच लावून धरलंय तिनं, नातू दावा. म्या मानसं घातली मदी. ते म्हनले, या, घिऊन जा चार रोज, आमचं कायबी म्हननं न्हाई. फकस्त चार मानसांत बसून येवडं म्हना, की पोरगी तिच्या मनानं गेली, आमचा आता संशेव न्हाई."

"मग म्हणा," मी म्हणालो. "म्हणून टाका. आता काय राहिलंय त्यात?"

"म्हननं सोपं हाय. पर ज्यांनी मारलं आसंल त्यांच्या उंबऱ्यात बसून त्यांलाच धुऊन काडू? जिबीला यीना माज्या. तीनदा गेलो आन् मुदखेडच्या स्टेशनातनं माघारी आलो." त्यांनी बशी बाजूला सारली. "मला खोटं म्हनायचं न्हाई. मला त्ये खरं पायजे. म्हनून तुमच्याकडं आलो. तुमी सांगा, उभी व्हती. तुमी म्हनला की म्या मानीन. मग जाऊन म्हनीन."

ज्या माणसानं मला एकदा उभ्यानं विचारलं होतं, पडलेली होती ना, तोच आज बसून उलटं मागत होता. मी त्याला खरं ते सांगितलं. "नागनाथराव, मला माहीत नाही. शपथेवर सांगतो. मी इतक्यांदा आठवलंय की मूळ काय पाहिलं तेच राहिलं नाही."

"म्हाईत न्हाई," ते म्हणाले. त्यांना राग आला नाही. "त्येच घिऊन म्या आजवर काडलं की साह्यब. म्हाईत न्हाई, म्हाईत न्हाई. त्येच्यावर ना जेवान जातंय, ना झोप यीती. त्येच्यापरास कंचंबी एक द्या. ती मारून टाकली म्हना, म्या नातवाचं नाव सोडतो, म्हातारीला सांगतो. न्हाईतर उभी व्हती म्हना. पर एक काय त्ये द्या."

सुमन दारात उभी होती. तिला सगळं माहीत आहे, पहिल्या दिवसापासून. तिनं माझ्याकडं बघितलं आणि कप न उचलताच आत गेली.

माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा ती आडवीच होती. हात रुळाबाहेर. कित्येक वर्षं तशीच होती आणि तिच्या तसं असण्यावर मला झोप लागत होती. हे चित्र खरं आहे असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकलो असतो तर सांगितलं असतं आणि तो म्हातारा नातवाचं नाव सोडून गेला असता. तेवढी खात्री नव्हती. आणि खात्री नसताना आडवी म्हणायचं, तर त्या वकिलानं विचारलेलं पुन्हा समोर येत होतं. कुणाच्या सोयीचं आहे?

"उभी होती," मी म्हणालो.

नागनाथराव पुढं सरकले. "तोंड कुनीकडं?"

"गाडीकडं."

"भ्याली व्हती का?"

"नाही. शांत होती."

"हात वर केला व्हता म्हनून त्यो दुसरा पोरगा बोलला व्हता."

"नाही केला. दोन्ही हात खाली होते."

हे मी का म्हणालो, सांगता येत नाही. हात वर असेल तर ती वाचवा म्हणत होती असं होतं, आणि ते घेऊन बापाला परत पाठवणं मला जमलं नसतं. पण एक सांगतो. मी जसजसं बोलत होतो तसतसं मला ते दिसत होतं. काचेवरचं ऊन, मागं केळी, निऱ्या, दोन्ही हात खाली.

नागनाथरावांनी पंच्याचं टोक बोटांना गुंडाळलं. मग म्हणाले, "म्हंजी तवर जित्ती व्हती."

"हाव."

"मग ती तुमच्याच गाडीखाली गेली म्हना."

त्यांच्या बोलण्यात दोष नव्हता. ते फक्त एका गोष्टीमागून येणारी दुसरी गोष्ट लावून बघत होते.

"हाव," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग उठले, थंड झालेला चहा उभ्यानंच प्याले आणि मुदखेडची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. मी सांगितलं. स्टेशनापर्यंत सोडायला गेलो, तिकीट काढून दिलं, गाडी सुटेपर्यंत थांबलो. नंतर कळलं की नातू देगलूरला जाऊन आला, आजीजवळ चार दिवस राहिला. त्यातच ती गेली.

नातू भेटला, चांगलं झालं असं सगळे म्हणतात, सुमनही म्हणते. झालंच चांगलं. पण नागनाथराव येऊन गेले त्या दिवसापासून मंगल उभी आहे. पहाटे जाग येते तेव्हा गाडीकडं तोंड करून, दोन्ही हात खाली सोडून ती उभी असते. मी तिला आडवी आठवून बघतो. जमत नाही.